लाल ठिपक्यांचं चाक

माझा पहिला सत्कार झाला तेव्हा मी काहीच केलेलं नव्हतं. पुढे सायकलवरून देश पालथा घातला, दोन पुस्तकं लिहिली, शाळा-कॉलेजांतून ‘जिद्द’ या विषयावर इतकी भाषणं ठोकली की बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा ‘मित्रहो’ म्हणता. पण सत्तरच्या दशकातल्या त्या नोव्हेंबरात, नागपुरात इंदोऱ्याच्या आमच्या चौकात, मी फक्त जाणार होतो. नागपूर ते काश्मीर, सायकलवर, एकटा. जाणार, एवढ्या भांडवलावर गळ्यात अकरा हार पडले.

आमच्याकडे ही रीतच. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पेढ्याचा पुडा कोणी सोडत नाही, पण माणूस लांबच्या वाटेला निघाला की शाल आणि श्रीफळ आधीच. मंडळाने सत्कार केला, रिक्षा स्टँडने केला, ज्या शाळेत मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो त्या शाळेने केला. मुख्याध्यापकांनी मला मुलांपुढे उभं केलं आणि म्हणाले, जिद्दीवर दोन शब्द बोला. मी पंचवीस मिनिटं बोललो. न केलेल्या प्रवासावर इतकं बोलणारा माणूस त्या शाळेने तोवर पाहिला नसावा. टाळ्या मात्र खणखणीत पडल्या आणि मला त्या फार आवडल्या.

आई घरी विड्या वळायची. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देव नव्हता. सत्काराचे नारळ एकेक करून येऊ लागले तशी ती सुपातली पानं बाजूला सारून म्हणाली, “देव नाही घरात आन नारळं बावीस. काय करू गा याचं?”

“वड्या कर,” मी म्हणालो. मी हवेत होतो.

माझी सायकल साधीच, चोवीस इंची, काळी. पण तिचं मागचं चाक काकाजींनी बांधलेलं होतं. काकाजी म्हणजे चौकातले सायकल मिस्त्री. वय साठीच्या पुढे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, बोलणं जेमतेम. चाक बांधण्यात त्यांचा हात धरणारा कामठी रोडवर कोणी नव्हता. रिकामा हब, रिकामी रिंग आणि चाळीस स्पोक घेऊन बसायचे आणि तासाभरात चाक उभं करायचे. मग ते फिरवून, खडूने खुणा करत, कुठे लचकतंय ते बघत आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचे. समोरच्या स्टँडवरच्या सगळ्या सायकल रिक्षांची चाकं त्यांच्याच हातची. माझं चाक त्यांनी स्वतःहून बांधून दिलं. म्हणाले, “ओझं घेऊन पहाड चढाचा हाये तुले. हे लचकनार नाही.”

निघालो. कामठीत सत्कार, कन्हानला सत्कार, मनसरला एका किराणा दुकानदाराने ओळख ना पाळख, वाट अडवून सत्कार केला. हँडलच्या पुढे पाटी होती, ‘नागपूर ते काश्मीर सायकल प्रवास’. लोक ती मोठ्याने वाचायचे, चहा पाजायचे, ‘वा भाऊ’ म्हणायचे. खवासा ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो आणि हे सगळं थांबलं. सिवनीपर्यंत कोणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी लखनादौनला एका चहाच्या टपरीवर सायकल अशी लावली की पाटी रस्त्याकडे येईल. कोणी वाचली नाही. मग पाटी टपरीकडे फिरवली. चहावाल्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “एक कि दो?”

मी तिथे तासभर बसलो. पाय दुखत नव्हते, ताप नव्हता, सायकल उत्तम होती. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो, कारण तेव्हा सांगितलं नाही. माझं काहीच बिघडलं नव्हतं. फक्त मला जे हवं होतं ते नागपुरातच मिळून गेलं होतं. हार, टाळ्या, कौतुक, सगळं आधीच पदरात पडलेलं, आणि आता उरला होता नुसता रस्ता. तो मला नको होता. दुपारी एका ट्रकवर सायकल चढवली आणि परत फिरलो.

ट्रकने मला कन्हानच्या पुलाअलीकडे उतरवलं. आता घरी काय सांगायचं, हा प्रश्न होता. मी नदीच्या पात्रात उतरलो, सायकल आडवी केली, एक गोटा उचलला आणि मागच्या चाकावर घातला. स्पोक सहजी तुटत नव्हते. काकाजींचं चाक होतं ते. मी चिडलो, आणि चिडून घालत राहिलो. अकरा तुटले तेव्हा पलीकडे कपडे धुणारी एक बाई हात थांबवून माझ्याकडे बघू लागली, म्हणून थांबलो.

कामठीपर्यंत मागचं चाक उचलून सायकल ओढत आणली. तिथे आमच्याच स्टँडचा एक रिक्षावाला भेटला आणि त्याच्या रिक्षात सायकल घालून मी चौकात उतरलो. माणसं गोळा झाली. काय झालं गा? मी म्हणालो, “चाक गेलं. घाटात.”

गर्दीतून काकाजी पुढे आले. वाकून त्यांनी चाकावरून एकदा हात फिरवला. एकदाच. मग झपाट्याने नट खोलून चाक काढलं, दुकानात नेऊन भिंतीला टेकवलं आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, “माहाच हात हलला असन.”

मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंच वाटलं.

ज्या कारखान्यातून रजा घेऊन निघालो होतो तिथे लेथवर परत रुजू झालो. लोक माझी कीव करू लागले आणि ती मला सत्काराइतकीच गोड लागली. बिचाऱ्याची जिद्द केवढी, पण म्हाताऱ्याच्या चाकाने घात केला. मुख्याध्यापक रस्त्यात भेटून म्हणाले, प्रयत्न महत्त्वाचा. स्टँडवर मात्र वेगळंच बोलणं सुरू झालं. रिक्षावाल्याचं पोट चाकावर असतं. तीन सवाऱ्या घेऊन पुलाच्या चढावर चाक बसलं तर सवाऱ्याही जातात आणि हाडंही. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, बोटं थरथरतात, नवं चाक पाच दिवसांत गेलं, असं एकाने म्हटलं, दुसऱ्याने री ओढली. डिसेंबरात त्यांची चाकं शेजारच्या जरीपटका वस्तीतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागली. काकाजींकडे पंक्चर तेवढी राहिली.

मी रोज सकाळी कामावर जाताना त्या दुकानावरून जायचो. आधी तिथे चाकांची रास असायची, आता काकाजी रिकाम्या हाताने रस्त्याकडे बघत बसलेले दिसायचे. मी आंबेडकरी वस्तीत वाढलेला, खऱ्याखोट्यावरची व्याख्यानं पाळण्यापासून ऐकलेला माणूस. तरी मी रस्ता बदलला. मागच्या गल्लीतून जाऊ लागलो. संपूर्ण हिवाळा मी मागच्या गल्लीतून गेलो. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा, आणि तो राग आईवर निघायचा.

फेब्रुवारीत काकाजींनीच निरोप पाठवला, चाक तयार आहे. गेलो. चाक नव्याने बांधून भिंतीला लावलेलं होतं. त्यांनी एक डबा पुढे केला. त्यात माझे अकरा तुटके स्पोक होते. त्यांनी दुसरीकडून एक जुना, गंजका स्पोक काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हा रस्त्यावर तुटला. पाह्य, कुठं तुटला?”

हबमध्ये जिथे स्पोक वाकून बसतो तिथे, अगदी गळ्याशी तुटला होता.

“रस्त्यावर तुटनारा स्पोक गळ्यालेच तुटते. चाळीस वर्स पाह्यतो मी. तुहे अकराच्या अकरा मधात तुटले. वाकून तुटले.”

मी विचारलं, “तुम्हाले पयल्या दिवशीच समजलं होतं?”

“हात लावल्याबरोबर.”

“मंग बोलले काहून नाही?”

“मी काहून बोलू? तूच बोलशीन म्हनून बसलो होतो,” काकाजी म्हणाले, आणि पंक्चरच्या ट्यूबला रेती-कागद घासायला लागले.

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मी भांडलो असतो, माझा स्वभावच तसा. त्यांच्या त्या शांत घासण्यापुढे काही चालेना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी स्टँडवर गेलो. बारा-पंधरा रिक्षावाले उन्हात बसले होते. त्यांचा पुढारी एक उंच, मिशाळ माणूस, ज्याने माझ्या गळ्यात सगळ्यांत मोठा हार घातला होता. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सांगितलं. लखनादौन, ट्रक, नदी, गोटा, अकरा स्पोक, सगळं.

पुढारी हसला. “जा बे! म्हाताऱ्याले वाचवाले खोटं बोलून राहिला.”

“खरं सांगतो.”

“आपलंच चाक कोन फोडते? मन चांगलं हाये तुहं, समजलं आमाले. पन चाक आमाले वढाचं हाये.”

मी शपथा घेतल्या, आवाज चढवला. मी जेवढं ओरडलो तेवढा त्यांच्या डोळ्यांत चांगला मुलगा होत गेलो. चार महिने खोटं बोललो तेव्हा एकानेही शंका घेतली नव्हती, आणि आता खरं बोलतोय तर हे लोक माझी पाठ थोपटतायत! पुढाऱ्याने शेवटी रस्त्यापलीकडे हाक मारली, “काकाजी, हा काय म्हनून राहिला? खरं काय?”

काकाजी मान वर न करता म्हणाले, “मले काय विचारता? चाक पाहा.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्या क्षणी कळलं. बोलण्याने हे मिटणार नव्हतं, चाकानेच टिकून दाखवायला हवं होतं. मी म्हणालो, “हेच चाक घेऊन काश्मीरले जातो आन परत येतो. मंग तर मानसान?”

“चाक वाटेत बदलून घेशीन तर?”

हा प्रश्न पुढाऱ्याचा, आणि तो रास्त होता. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. एका रिक्षाच्या पाट्या रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट होता. माझं चाक स्टँडवर आणून त्यांनी चाळीसच्या चाळीस स्पोकवर एकेक लाल ठिपका दिला. हबवर पुढाऱ्याने स्वतः छिन्नीने खूण मारली. परत आल्यावर मोजू, म्हणाले. चाळीस ठिपके.

कारखान्याच्या मालकाने या वेळी रजा दिली नाही. जायचं तर जा, जागा ठेवणार नाही, म्हणाला. मी गेलो. होळी झाली होती, ऊन तापायला लागलं होतं, वेडाच माणूस त्या दिवसांत उत्तरेकडे सायकल काढेल. निघताना सकाळी दारात फक्त आई होती. कोणालाच सांगितलं नव्हतं, तरी मेल्या मनाला कुठेतरी वाटत होतं की चार माणसं यावीत. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“तुले कडेवर घेऊन पारशिवनीकडून चालत आली होती मी, दीक्षेले,” ती म्हणाली. “निघालो तवा आमाले कोनी हार नोयता घातला. गेलो आन आलो. जा आता.”

गेलो. या वेळी पाटी लावली नव्हती. लखनादौनची ती टपरी आली, थांबलो नाही. खरं तर थांबायची भीती वाटली, म्हणून जोरात पायडल मारत पुढे गेलो. सागर, झाशी, ग्वाल्हेर. चंबळच्या बाजूला इतकं ऊन होतं की दुपारी पुलाखाली पडून राहायचो आणि सकाळ-संध्याकाळ चालवायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, नाही विचारलं तर बरंच वाटायचं. दर संध्याकाळी सायकल उलटी करून चाक फिरवायचो आणि ठिपके मोजायचो. फिरताना त्यांची एक लाल कड व्हायची, थांबलं की पुन्हा चाळीस. माझ्या पायांवर माझा विश्वास नव्हता, तो एकदा फसलेला होता. पण त्या चाकावर होता, आणि माझ्या थापेमुळे एका म्हाताऱ्याचं दुकान बंद पडतंय हे डोक्यातून जात नव्हतं. परत फिरायचं मनात आलं नाही असं नाही. दिल्लीत आलं, अंबाल्यात दोनदा आलं. पण आता परतायला जागाच उरली नव्हती.

पठाणकोटच्या अलीकडे एका खड्ड्यात टण्‌ आवाज झाला. उतरून पाहिलं. एक स्पोक गेला होता, गळ्याशी, जसा जायला हवा तसा. दीड हजार किलोमीटरवर, एवढ्या ओझ्याखाली एक स्पोक, यात मिस्त्रीचा काहीच दोष नाही. काकाजींनी चार जादा स्पोक सोबत दिले होते, त्यातला एक बसवला. पण त्याच्यावर ठिपका नव्हता.

जिथे बसून बसवला तिथेच ट्रक रंगवणाऱ्याचं दुकान होतं. समोर सात-आठ डबे उघडे, त्यात लालही. पेंटर जेवायला गेला होता, ब्रश डब्यात तसाच. एक टिंब, अर्ध्या सेकंदाचं काम. आणि कारणसुद्धा चांगलं होतं! मी स्वतःसाठी थोडाच करणार होतो? एक स्पोक उघडा दिसला तर ते लोक म्हणणार, बघा, परत तुटलं, म्हातारा संपला. त्याच्या भल्यासाठीच एक ठिपका. मी ब्रश हातात घेतला. हातात घेऊन उभा राहिलो. मग मला नदीतला तो गोटा उचलताना जसं वाटलं होतं तसं तंतोतंत वाटलं, तोच हुशारीचा आनंद. ब्रश डब्यात टाकला आणि तिथून पळालोच.

काश्मीरला पोचलो. बनिहालच्या चढावर सायकल ढकलत रडलो, श्रीनगरला पोचल्यावर झेलमच्या पाण्यात पाय सोडून बसलो, ते सगळं पुस्तकात आहे. परतीचा प्रवासही आहे. इथे एवढंच सांगतो की जुलैत, चिखलाने भरलेल्या पायांनी, एका दुपारी मी चौकात उतरलो, आणि आधी घरी न जाता स्टँडवर गेलो.

बातमी पसरायला पाच मिनिटं लागली. कुठूनतरी हार आला, पुढाऱ्यानेच तो घातला. मी म्हणालो, “पयले मोजा.”

त्यांनी चिखल पुसून मोजले. एकोणचाळीस. पुढाऱ्याने पुन्हा मोजले. मग उघड्या स्पोकवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी खिशातून तुटका स्पोक काढून दिला, ठिपक्यासकट. कुठे तुटला, किती चालल्यावर तुटला, तेही सांगितलं.

तो स्पोक त्याने बराच वेळ निरखला, शेजाऱ्याकडे दिला, तिथून तो हातोहात फिरला. चाकं ओढणारी माणसं ती, गळ्याशी तुटलेला स्पोक काय सांगतो ते त्यांनाही कळत होतं. पुढारी म्हणाला, “रंग तं कोनत्याबी दुकानात भेटला असता तुले.”

“भेटला होता.”

मग तो रस्ता ओलांडून दुकानाशी गेला, मागोमाग आम्ही सगळे. काकाजी उकिडवे बसले होते. पुढारी म्हणाला, “काकाजी, आता सांगा. पयल्या खेपेचे कुठं तुटले होते?”

काकाजींनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“मधात,” मी म्हणालो. “मी सांगतलं होतं तुमाले फेब्रुवारीत. गोट्यानं तोडले.”

या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी मानलं. खरं मानायला त्यांना माझ्याकडून पाच महिन्यांचा रस्ता लागला, आणि मानल्याबरोबर त्यांचे चेहरे उतरले. “आठ महिने,” पुढारी म्हणाला. “आठ महिने पाठ फिरवली आमी यायच्याकडं. तुह्या एका गोट्यापायी.” त्याने हात पुढे केला. मला वाटलं थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरंच झालं असतं. त्याने माझ्या गळ्यातला हार काढला, काकाजींच्या गळ्यात मात्र घातला नाही. तेवढी हिंमत त्यालाही झाली नाही. हार हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग स्टँडवर गेला, आपली रिक्षा आडवी केली, मागचं चाक काढलं आणि आणून काकाजींपुढे ठेवलं.

त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. काकाजींनी चष्म्याची दोरी घट्ट केली, पहिलं चाक उचललं, फिरवलं आणि खडू शोधू लागले.

मी त्यांच्यासमोर बसलो. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. ऐन चौकात, वीस माणसांपुढे, काश्मीरहून आलेला बाप्या पोरासारखा रडला.

ते चाकाकडेच बघत होते. ते फिरवत म्हणाले, “आता शाळेत बोलावतीन तुले. भाषनाले.”

“हो.”

“गोट्याचं नको सांगू. चाकाचं सांग.”

मी हो म्हणालो. काकाजींचं बाकी सगळं पुढे ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही. आजवर जिथे जिथे उभा राहिलो, आयोजकांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी, मी बोलायला सुरुवात गोट्यापासूनच करतो.